लॉसलेसच्या जमान्यात प्रीअँप निवडताना: महागडा नको, जुळणारा हवा

अॅपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस गाणी द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायनेही प्रीमियम ग्राहकांसाठी लॉसलेस जाहीर केलं. म्हणजे सीडीच्या दर्जाचं गाणं आता खिशातल्या फोनवर आलंय. पण नेहमीच्या ब्लूटूथवरून ते पूर्ण दर्जात पोहोचत नाही. म्हणून अनेकजण फोनला यूएसबी डॅक जोडून तो थेट घरच्या हाय-फाय सिस्टीमला लावतात. मग प्रश्न येतो: पॉवर अँप तर आहे, आता प्रीअँप कोणता घ्यायचा?

‘याने आवाज खुलतो’ असं सांगून बरेच महागडे प्रीअँप विकले जातात. खरं तर निम्म्याहून जास्त उत्तर स्पेसिफिकेशनच्या पानावरच असतं.

आधी व्होल्ट बघा

पॉवर अँपच्या माहितीत ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ शोधा. पूर्ण ताकदीने वाजायला अँपला किती व्होल्टचा सिग्नल लागतो, हे त्यात दिलेलं असतं. ती नसेल तर ‘गेन’ बघा. समजा अँप ८ ओहमवर १०० वॉटचा आहे आणि गेन २६ डेसिबल, म्हणजे २० पट. १०० वॉटसाठी स्पीकरवर साधारण २८ व्होल्ट लागतात. त्याला २० ने भागलं की १.४ व्होल्ट.

आता तुमचा सोर्स किती देतो? सीडी प्लेअर आणि टेबलावर ठेवायचे डॅक साधारण २ व्होल्ट देतात. म्हणजे इथे सिग्नल वाढवायची गरजच नाही. फोनचा छोटा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. त्यावर हाच अँप ५० वॉटपर्यंत जाईल. १०० वॉटपेक्षा हे फक्त ३ डेसिबल कमी आहे, कानाला किंचित जाणवेल एवढंच. अगदीच हवं असेल तर २ पट गेन भरपूर झाला.

जुन्या अँपचं गणित आणखी वेगळं असतं. १९७० च्या दशकातला ब्रिटिश क्वाड ४०५ घ्या. त्याला १०० वॉटसाठी फक्त अर्धा व्होल्ट पुरतो. त्याच्यापुढे २ व्होल्टचा डॅक आणि १० पट गेनचा प्रीअँप लावला, तर सिग्नल गरजेच्या ४० पट होतो! मग व्हॉल्यूमचा नॉब जरा फिरवला की घर हादरतं. नॉब इतका खाली असताना डावा-उजवा आवाज बऱ्याचदा सारखा राहत नाही, आणि शांत जागी ‘सूंऽऽ’ ऐकू येतं.

मग इम्पीडन्स

सोपा नियम: पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स प्रीअँपच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान १० पट हवा. व्हॉल्व्हच्या काही प्रीअँपचा आउटपुट इम्पीडन्स २ किलोओहम किंवा त्याहून जास्त असतो. असा प्रीअँप १० किलोओहमच्या अँपला लावला तर खालचा बास पातळ होऊ शकतो. दोन्ही वस्तू चांगल्या असतात, फक्त जोडी जमत नाही.

मग प्रीअँप लागतोच का?

एकच सोर्स असेल आणि डॅकवर स्वतःचा व्हॉल्यूम नॉब असेल, तर बहुतेकवेळा नाही. सोर्स दोन-तीन असतील, तर सोर्स बदलायला आणि आवाज कमी-जास्त करायला प्रीअँप सोयीचा. तेव्हाही कमी गेनचा घ्या.

टर्नटेबलचं मात्र वेगळं आहे. त्याचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम काही मिलिव्होल्ट देतं, आणि रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास परत भरून काढावा लागतो. तिथे फोनो स्टेज हवाच. तो प्रीअँपमध्ये आहे का, हे आधी विचारा.

एक धोका

फोन, डोंगल आणि थेट पॉवर अँप अशी जोडणी करत असाल तर सांभाळा. आवाजाची सगळी मदार फोनच्या सॉफ्टवेअरवर असते. चुकून व्हॉल्यूम फुल झाला किंवा नोटिफिकेशन जोरात वाजलं, तर ट्वीटर जळू शकतो. मध्ये एक साधा पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोल असला तरी हा धोका बराच टळतो. फक्त त्यापासून अँपपर्यंतची केबल छोटी ठेवा.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा: सोर्स किती व्होल्ट देतो, अँपला किती लागतात आणि अँपचा इनपुट इम्पीडन्स किती. विक्रेत्याला प्रीअँपचा गेन आणि आउटपुट इम्पीडन्स विचारा. आकडे जुळले तर स्वस्तातला प्रीअँपही छान वाजेल. वाचलेले पैसे स्पीकरवर घाला, तिथे फरक लगेच ऐकू येतो.