दुबळी राष्ट्रं आणि सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट

आज जरा गंभीर लिहितोय, चालवून घ्या.

ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियात, मोगादिशूच्या लढाईत १८ अमेरिकन सैनिक मारले गेले आणि वॉशिंग्टनने धडा घेतला की दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही. त्याची किंमत रवांडाने मोजली. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने काय करावं? तिथली शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव! सुमारे ८ लाख माणसं गेली. दुबळं राष्ट्र म्हणजे तेव्हा फार तर हळहळ व्यक्त करायचा विषय.

११ सप्टेंबर २००१ नंतर हळहळीची जागा भीतीने घेतली. अमेरिकेच्या २००२ च्या सुरक्षा धोरणात सरळ म्हटलंय की जिंकायला निघालेल्या राष्ट्रांपेक्षा कोसळणाऱ्या राष्ट्रांचा धोका जास्त. मग पैसा आला, फौजा आल्या. पण भीतीपोटी मदत करणारा आधी स्वतःची सोय बघतो, गोची तिथेच आहे.

अफगाणिस्तान घ्या. २० वर्षांत अमेरिकेने तिथल्या सैन्य-पोलिसांवर जवळजवळ ९० अब्ज डॉलर ओतले. कागदावर ३ लाख जवान. त्यातले खरे किती? खुद्द अमेरिकेचेच तपासनीस लिहीत होते की नुसते पगारापुरते असलेले 'भुताटकी' जवान हजारोंनी आहेत. विमानं दिली, पण ती उडती ठेवायला परदेशी कंत्राटी मेकॅनिक. (आमच्या धंद्यातही क्लायंटला असंच बांधून ठेवतात, पण तिथे फार तर सर्व्हर झोपतो.) २०२१ मध्ये हे मेकॅनिक निघाले आणि १५ ऑगस्टला काबूल पडलं. 'अफगाण लढलेच नाहीत' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांचे ६० हजारांवर जवान आणि पोलीस मेलेत हो! पण पगार बाहेरून येत असेल तर सरकार उत्तरं बाहेरच्यालाच देणार. लोकांच्या करावर चालायचंच नाही, तर त्यांचं ऐकायचं कशाला?

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. आग लागायच्या आधीच काम करायचं, तेही १० वर्षांच्या योजनेने. पुढे हैती, मोझांबिक वगैरे देश निवडले. कागदावर तरी मला हे आजवरचं सगळ्यात शहाणं धोरण वाटलं. पण १० वर्षांची योजना ४ वर्षांच्या निवडणुकीपुढे टिकणार कशी? २०२५ मध्ये यूएसएडलाच कुलूप लागलं. त्या वर्षी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जवळजवळ सगळी टोळ्यांच्या ताब्यात होती.