देवीच्या पायऱ्या आणि धावपटूचा धडा

चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईची यात्रा भरते. त्याच दिवसांत लोणावळ्याच्या चढांवर पहाटे शर्यतीचा सराव करणारी मित्रमंडळी दिसतात. धावपटू आठवडे मोजून अंतर हळूहळू वाढवितो; आपण मात्र डोंगरावरील देवळाच्या शेकडो पायऱ्या तयारीविना चढू पाहतो. दर्शनापूर्वी महिनाभर रोज चालावे, घरचा जिना थोडा थोडा चढावा. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. चढताना सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो, आधार धरावा. छातीत दडपण, घेरी किंवा अकस्मात दरदरून घाम आल्यास तेथेच बसून मदत मागावी. सोबतच्या तरुणांनी ज्येष्ठांच्या पावलाने चालावे. न झेपल्यास पायथ्याशी जोडलेले हातही आईला पोहोचतात.