वक्त्याच्या परिचयाचे दायित्व

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे स्थळ एकदा मुक्रर झाले, की त्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून दरवर्षी बहुधा त्याच क्रमाने येऊ लागतात. प्रथम स्थळावरून झालेली ओढाताण, मग अध्यक्षपदासाठी पुढे आलेली नावे, त्यानंतर स्वागताध्यक्षांची नियुक्ती, मंडपाचा विस्तार, निवासाची व भोजनाची तजवीज, उद्घाटनाच्या व्यासपीठावर कोणकोणते मंत्री विराजमान होणार याची यादी, आणि सरतेशेवटी, ज्याच्यावाचून संमेलन पुरे होत नाही अशी सर्वांची श्रद्धाच होऊन बसली आहे, तो एखादा वाद. या साऱ्या मजकुरातून संमेलनाच्या सरबराईची हकीकत वाचकाला तपशीलवार कळते. परंतु ज्यांचे विचार ऐकण्यासाठी हा एवढा खटाटोप आरंभिला, ते वक्ते कोण, त्यांनी आजवर काय लिहिले आहे, आणि नेमक्या याच विषयावर बोलण्यास त्यांनाच का पाचारण केले, हे मात्र समारोपाचा दिवस उलटून गेला तरी त्याला उमगत नाही.

वृत्तपत्रात जे घडते, त्याचीच दुसरी आवृत्ती मंडपात निघते. परिसंवादाला दीड-दोन तासांचा अवधी, त्यात पाच-सहा वक्ते आणि एक अध्यक्ष. स्वागत, दीपप्रज्वलन, शाल व श्रीफळ यांत बराच काळ गेल्यावर सूत्रसंचालक हाती दिलेला कागद वाचू लागतो. जन्मगाव, पदव्या, भूषविलेले हुद्दे, समित्यांची सदस्यत्वे, परदेशातील दौरे आणि पुरस्कारांची नामावळी अशा क्रमाने तो परिचय पुढे सरकतो, आणि पुस्तकांपर्यंत येतो तेव्हा त्यांची केवळ संख्या सांगून संपतो. हा कागद पुष्कळदा खुद्द वक्त्यानेच आयोजकांच्या मागणीवरून लिहून पाठविलेला असतो, तृतीय पुरुषी असतो, आणि विशेषणांच्या बाबतीत काटकसर करण्याचे त्याला काही कारण नसते. परिणाम असा, की ज्याने त्या लेखकाची एक ओळही वाचलेली नाही त्याच्या मुखातून त्या लेखकाचीच आत्मस्तुती श्रोत्यांना ऐकावी लागते. आणि प्रत्यक्ष भाषण रंगात येऊ लागते न लागते तोच वेळ संपल्याची चिठ्ठी वक्त्यापुढे येऊन पडते.

ही बाब क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. मला ती तशी वाटत नाही. संमेलनाच्या मंडपात बसलेला श्रोतृवर्ग विद्यापीठातील समीक्षकांचा नसतो. तालुक्याच्या गावचा शिक्षक, सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल, पहिल्यांदाच कविता लिहू लागलेला महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्तीनंतर वाचनाकडे वळलेली गृहिणी, असे लोक पदरमोड करून तेथे येतात. त्यांच्या आणि अपरिचित लेखकाच्या दरम्यान पूल बांधण्याचे काम त्या दोन मिनिटांच्या परिचयाकडे असते. ग्रंथप्रदर्शनाचे गाळे मंडपापासून काही पावलांवरच असतात; परिचय करून देणाऱ्याने एका पुस्तकाचे नाव घेऊन त्यात लेखकाने कोणता प्रश्न उचलला आहे एवढे जरी सांगितले, तरी भाषण संपल्यावर त्या गाळ्याकडे चार पावले वळतील. पुरस्कारांची यादी ऐकून कोणी पुस्तक विकत घेतल्याचे सहसा दिसत नाही.

नावाभोवतीचे वलय आणि लेखनाचे मोल या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, याचा एक बोलका दाखला संमेलनाच्या अध्यक्षपरंपरेतच सापडतो. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, ते जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ हा परिचय त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवला, आणि कथेने आपल्याच गुणांवर पारितोषिक मिळविले. आपल्या लेखनाची पारख आपल्या हुद्द्यावरून होऊ नये, असे एका शास्त्रज्ञाला वाटले. त्याच्या उलट, लेखनाची पारख हुद्द्यावरूनच व्हावी अशी व्यवस्था आपण आपल्या व्यासपीठांवर परिपाठाने करून ठेवली आहे.

कोणाला बोलवावे आणि त्याची ओळख कोणत्या शब्दांत करून द्यावी, हा प्रश्न संमेलनाइतकाच जुना आहे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिली ग्रंथकार सभा भरली; आजच्या संमेलनाचे मूळ तेच. १८८५ साली दुसरी भरू घातली, तेव्हा जोतीराव फुले यांनी निमंत्रण नाकारणारे पत्र लिहिले. सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य न करणाऱ्या ग्रंथकारांच्या मेळाव्यात आपल्याला सामील होता येणार नाही, असा त्याचा आशय. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ यांचा कर्ता ज्या कारणाने अनुपस्थित राहिला, ते कारण त्याच्या ग्रंथांतूनच उद्भवलेले होते. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने ते पत्र छापले, आणि म्हणूनच, त्या सभेतील भाषणे विस्मृतीत गेली असली तरी, न आलेल्या ग्रंथकाराची कैफियत आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासली जाते. केवळ ‘फुले यांचा नकार’ एवढी वार्ता देऊन ते नियतकालिक थांबले असते, तर मराठी विचारविश्व केवढ्या ठेव्याला मुकले असते!

२०१९ साली यवतमाळच्या संमेलनात उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, तेव्हाची गोष्ट या दृष्टीने आठवण्यासारखी आहे. त्या दिवसांत त्यांची ओळख नेहरूंची भाची अशी वारंवार दिली गेली. ‘रिच लाइक अस’ या कादंबरीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविलेली, आणीबाणीला निर्भयपणे विरोध करणारी ही लेखिका आहे, हे त्यामानाने कमी सांगितले गेले. आणि ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर करणारे संस्कृतज्ञ रणजित सीताराम पंडित हे मूळच्या कोकणातील घराण्याचे विद्वान त्यांचे पिता, हे तर मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडले. परंतु न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे, की त्यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांनी छापले आणि लोकांनी ते आस्थेने वाचले. वाचकाला केवळ भांडण हवे असते, विचार नको असतो, ही संपादकीय दालनांतील समजूत त्या एका उदाहरणाने खोटी ठरली आहे.

आयोजकांची बाजू मी जाणतो. निधी उभारावयाचा, शासनाची मर्जी सांभाळावयाची, स्थानिक मानकऱ्यांना दुखवावयाचे नाही, आणि तीन दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत सर्वांना सामावून घ्यावयाचे, हे काम सोपे नाही. वक्त्याचा गौरव ही सभ्यतेची रीत आहे, तीही मोडावी असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की लेखकाचा खरा गौरव त्याला वाचण्यात आहे, आणि न वाचता केलेली स्तुती, ती कितीही अलंकृत असली तरी, अनास्थेचाच एक सभ्य प्रकार आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. वक्त्याची जन्मतारीख, पदव्या, पुरस्कार हे सारे कार्यक्रमपत्रिकेत वा स्मरणिकेत छापून द्यावे. ज्याला हवे तो वाचील. व्यासपीठावरील परिचय दोन मिनिटांत आटोपावा, आणि तो, वक्त्याचे एक तरी पुस्तक ज्याने वाचले आहे, अशा स्थानिक शिक्षकाकडे, ग्रंथपालाकडे वा विद्यार्थ्याकडे सोपवावा. त्याने तीनच गोष्टी सांगाव्यात : या लेखकाने काय लिहिले, त्यातील कोणता विचार आजच्या विषयाशी निगडित आहे, आणि त्यावर आपल्याला कोणता प्रश्न पडला. असा परिचय तयार करण्यासाठी यजमान गावातील पंधरा-वीस माणसे महिनाभर आधीपासून पुस्तके वाचू लागतील, हा लाभ तर कोणत्याही ग्रंथदिंडीहून मोठा आहे. वृत्तपत्रांनीही प्रत्येक परिसंवादातील निदान एका वक्त्याचे प्रतिपादन पूर्वपक्ष-उत्तरपक्षासह छापावे, आणि मंत्र्यांच्या आगमनाला दोन ओळी पुरेशा मानाव्यात.

साताऱ्याच्या ९९ व्या संमेलनानंतर आता शंभराव्याची वेळ आली आहे. त्या निमित्ताने रोषणाई, मिरवणुका आणि सत्कार यांना तोटा पडणार नाही, याची खात्री बाळगावी. साहित्य महामंडळाने त्यात एका लहानशा नियमाची भर घालावी, अशी माझी विनंती आहे : ज्याने वक्त्याचे पुस्तक वाचलेले नाही, त्याने त्याचा परिचय करून देऊ नये.