कॉकाटीलची वाटी आणि वजनकाटा

कॉकाटीलच्या वाटीवर हलकी फुंकर मारली की ती खरोखर किती भरलेली आहे ते कळते. हा पक्षी दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून तो सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. त्यामुळे काठोकाठ दिसणारी वाटी अनेकदा निव्वळ टरफलांची निघते. संध्याकाळी त्याच वाटीत आणखी एक गोष्ट दिसते. दुकानातल्या मिश्र दाण्यांत राळे, बाजरी, करडई, सूर्यफूल, कधी ओट असे चार-पाच प्रकार असतात. दिवसअखेर त्यातले दोन-तीन जसेच्या तसे पडून असतात आणि सूर्यफूल मात्र औषधालाही सापडत नाही. म्हणजे पाकिटावर छापलेले मिश्रण पक्ष्याच्या पोटात जातच नाही, जाते ती त्याची आवड. देशी पोपट पाळण्याला कायद्याने मनाई असल्यामुळे पोपटाची हौस असलेली पुष्कळ कुटुंबे आता या ऑस्ट्रेलियन पाहुण्याकडे वळतात आणि दुकानदाराने पिंजऱ्याबरोबर दिलेली दाण्यांची पिशवी हेच त्याचे कायमचे अन्न समजतात. हा समज सोडायला हवा. पाळीव कॉकाटीलच्या आहाराचा मुख्य भाग पेलेट, म्हणजे तयार गोळीखाद्य, असावा. पण हा बदल वजनकाटा हाताशी नसताना सुरू करू नये, आणि तो शंभर टक्क्यांपर्यंत ओढण्याचा अट्टहासही नको.

दाण्यांत बिघडते काय? सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये जवळपास निम्मी चरबी असते. दिवसातले बावीस तास दांडीवर बसणाऱ्या, घरातल्या घरात दोन-चार घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याला ती जिरवायला वाव नसतो. ती यकृतात साठत जाते. राळे-बाजरीत चरबी कमी, पण अ जीवनसत्त्व नावापुरते, कॅल्शियम तुटपुंजे आणि त्याच्या कितीतरी पट फॉस्फरस. ड जीवनसत्त्व नाही, आयोडीन अपुरे, लायसीनसारखी आवश्यक अमिनो आम्ले तोकडी. अ जीवनसत्त्वाची उणीव दीर्घकाळ राहिली की तोंड, नाक आणि श्वासमार्गाचे नाजूक अस्तर जाड, कोरडे होत जाते आणि जंतूंना वाट मोकळी होते. मादीच्या बाबतीत धोका आणखी सरळ आहे. कॉकाटीलची मादी नर नसतानाही अंडी घालते, कधी एकामागून एक. प्रत्येक कवचासाठी कॅल्शियम लागते. ते अन्नातून आले नाही तर हाडांतून काढले जाते, आणि तेही अपुरे पडले तर अंडे बाहेर ढकलण्याइतके बळ स्नायूंत उरत नाही. अडकलेले अंडे हा तातडीचा, जिवावर बेतणारा प्रसंग असतो. पिंजऱ्यात टांगलेला समुद्रफेस उपयोगी आहे, पण तो खायचा की नाही हे पुन्हा पक्षीच ठरवतो. ‘जीवनसत्त्वयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दाण्यांबद्दल तर काय बोलावे! त्यांतली जीवनसत्त्वे बहुधा टरफलावर लावलेली असतात, आणि टरफल तर पक्षी फेकूनच देतो. पाण्यात टाकायचे थेंब पाण्यात लवकर निकामी होतात, पाण्याची चव बदलतात आणि पक्षी पाणीच कमी पिऊ लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: निसर्गात तो दाणेच खातो ना? खातो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात कॉकाटीलचे थवे जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतात, ज्वारीसारख्या पिकांवरही उतरतात आणि शेतकऱ्यांचा रोष ओढवून घेतात. पण तिथले बी म्हणजे वर्षभर गोदामात पडून राहिलेले कडक दाणे नव्हेत. ते ऋतूप्रमाणे बदलते, पुष्कळदा ते अजून दुधाळ, कोवळे असते, आणि ते मिळवण्यासाठी, पाण्यासाठी पक्षी मैलोन्‌मैल उडतो. पिशवीतल्या सूर्यफुलाचा त्या आयुष्याशी काही संबंध नाही. दुसरा आक्षेप खास आपल्याकडचा. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्यासाठी भारतानेच पुढाकार घेतला होता. बाजरी-राळ्याचे गुण तेव्हापासून घरोघरी पोचले आहेत. मग जे माणसाला पौष्टिक ते पाखराला अपुरे कसे? धान्यात खोट नाहीच. आपण बाजरीची भाकरी खातो ती पालेभाजी, आमटी, ताक यांच्या सोबतीने. नुसत्या भाकरीवर कोणी पंधरा वर्षे काढत नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला मात्र आपण तेच करायला लावतो. ‘आमच्या नात्यातल्या एकाचा कॉकाटील दाण्यांवरच आठ वर्षे जगला’ असेही सांगितले जाते. नीट सांभाळलेला कॉकाटील पंधरा-वीस वर्षे जगू शकतो, हे लक्षात घेतले की ती आठ वर्षे कौतुकाची वाटत नाहीत.

इथवर पेलेटची बाजू भक्कम दिसते. पण पेलेटचे कट्टर पुरस्कर्ते जे सांगतात ते सगळेच पुराव्याला धरून नाही, आणि हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पेलेटची कल्पना कुक्कुटपालनातून आली: सगळे घटक दळून, एकत्र करून त्यांची गोळी बनवायची, म्हणजे निवडून खायला जागाच उरत नाही. कोंबडीच्या गरजा दशकानुदशके मोजल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 मध्ये काढलेल्या पोल्ट्रीच्या पोषण-कोष्टकात कोंबडी, टर्की, बदक, लाव्हा आहेत; पोपटवर्गीय पक्षी नाहीत. कॉकाटीलचे नशीब त्यातल्या त्यात बरे, कारण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात त्याच्यावर थेट प्रयोग झाले. वाढत्या पिलांना आहारात सुमारे 20 टक्के प्रथिने लागतात हे 1986 मध्ये तिथूनच प्रसिद्ध झाले. त्याच विद्यापीठातून 2003 मध्ये आलेला निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे: प्रौढ, अंडी न घालणाऱ्या कॉकाटीलला अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेपेक्षा त्याच्या अतिरेकाचा त्रास जास्त होतो. याचा अर्थ दाणे निर्धोक आहेत असा नाही. दाण्यांत उणीव एकाच घटकाची नसते. अर्थ इतकाच की ‘जितके जास्त तितके बरे’ हा हिशेब इथे चालत नाही. पेलेट खाणाऱ्या पक्ष्याच्या पाण्यात वर जीवनसत्त्वाचे थेंब घालणे ही माया नव्हे, घातच. निव्वळ कोरड्या पेलेटवर ठेवलेल्या कॉकाटीलच्या मूत्रपिंडांबद्दल काही पशुवैद्य शंका व्यक्त करतात. त्यामागचा पुरावा अजून कच्चा आहे, पण कोरड्या प्रदेशातल्या या छोट्या पक्ष्याच्या बाबतीत सावधपणा महाग पडत नाही. निम्म्याहून थोडे जास्त पेलेट, सोबत मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, आणि उरलेला वाटा मोजून दिलेले किंवा मोड आणलेले दाणे, असे ताट मला सर्वांत समंजस वाटते.

खरी कसोटी आहे ती बदलाच्या काळात. ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत खरे असेल, कॉकाटीलच्या बाबतीत ते जीवघेणे ठरू शकते. जन्मापासून दाणे सोलत आलेल्या पक्ष्याला तपकिरी गोळी हे अन्न आहे हेच कळत नाही. तिच्यापुढे तो उपाशी बसतो. त्यातून हा भक्ष्यवर्गीय प्राणी, आजारपण लपवण्यात पटाईत. तो पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेला दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो. त्याचे वजन अवघे 80 ते 100 ग्रॅम. 90 ग्रॅमच्या पक्ष्याचे 9 ग्रॅम घटले तर दहावा हिस्सा गेला, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, कारण वरून पिसे तशीच असतात. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा काहीशे रुपयांत मिळतो. त्यावर छोटी दांडी बसवून रोज सकाळी, खाण्याआधी वजन घ्यावे आणि लिहून ठेवावे. वजन दहा टक्क्यांच्या जवळ घसरले की त्याच दिवशी पुन्हा दाणे द्यावेत आणि पशुवैद्याला विचारावे. पेलेटचा चुरा झाला म्हणजे तो खाल्ला गेला असेही नाही, चोचीने भुगा करून खाली पाडणे हा कॉकाटीलचा आवडता उद्योग. त्यापेक्षा पिंजऱ्याच्या तळाचा कागद खरे सांगतो: विष्ठा भरीव आणि पेलेटच्या रंगाकडे झुकणारी असेल तर अन्न पोटात गेले; बारीक, गडद हिरवी आणि मोजकीच असेल तर पक्षी उपाशी आहे. सुरुवातीला मोड आलेल्या ओलसर दाण्यांवर पेलेटची पूड भुरभुरावी. सकाळच्या भुकेला तासभर पेलेटची वाटी पुढे ठेवावी आणि मग मोजून दाणे द्यावेत. थव्यातला पक्षी दुसऱ्याचे पाहून खातो, म्हणून आधीच पेलेट खाणारा सोबती असेल तर निम्मे काम होते. काही पक्षी दोन आठवड्यांत वळतात, काहींना महिने लागतात. अंडी घालणारी मादी, पिसे झडत असलेला किंवा आजारी पक्षी यांच्यावर हा प्रयोग त्या काळात करूच नये. पक्ष्यांवर उपचार करणारे जाणकार मोठ्या शहरांबाहेर मोजकेच आहेत. ज्यांना असा डॉक्टर जवळ नाही त्यांनी घाई आणखी कमी करावी.

खर्चाचा आक्षेप खोटा नाही. आयात केलेले पेलेट दाण्यांच्या कितीतरी पट महाग पडतात. मात्र दाण्यांच्या वजनातला मोठा हिस्सा टरफल म्हणून कचऱ्यात जातो आणि वर्षानुवर्षे पडून राहणारा उरलासुरला प्रकारही, हे त्या हिशेबात धरावे. पावसाळ्याचा प्रश्न त्याहून व्यावहारिक. मुंबई-कोकणात जुलैच्या दमट हवेत उघडे पाकीट लवकर मऊ पडते आणि बुरशी धरते. बुरशीचे विष पक्ष्याच्या यकृताला पेलत नाही. स्वस्त पडते म्हणून मोठे पोते घेऊन सुट्या पिशवीत भरून ठेवण्यापेक्षा लहान पाकीट, घट्ट झाकणाचा डबा आणि दोन महिन्यांच्या आत संपवणे बरे. दुकानदार सुटे, तारीख नसलेले पेलेट विकत असेल तर त्यापेक्षा ताजे दाणे आणि पालेभाजी परवडली.

एक गोष्ट मात्र राहून जाते. एवढी सारी कसरत करावी लागते ती पिलाला दाण्यांची सवय लावून विकले जाते म्हणून. हाताने भरवलेले पिलू आठ-दहा आठवड्यांचे होताना स्वतः खायला शिकते, आणि त्या वयात जे समोर येईल ते त्याला अन्न वाटते. पेलेट, पाला आणि दाणे तिन्ही त्याच वेळी दाखवले तर पुढचा संघर्ष उद्‌भवतच नाही. पैदास करणाऱ्याला यासाठी फार तर काही किलो पेलेट लागतील. 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनी दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, प्राण्यांच्या देखभालीच्या अटीही घातल्या. परदेशी पक्ष्यांच्या मालकांना करावी लागणारी नोंदणी मात्र कॉकाटीलला लागू होत नाही, कारण वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतून तो वगळलेला आहे. म्हणजे विक्रीचे ठिकाण हीच एकमेव जागा, जिथे त्याच्या आहाराबद्दल कोणाला काही विचारता येते. पिलाबरोबर त्याचे वजन आणि ते कशावर वाढले आहे, या दोन ओळी लिहून मागायला ग्राहकाने सुरुवात करावी, आणि मंडळाने त्या दुकानदाराला बंधनकारक कराव्यात.