काचेला घसारा नाही

जुन्या मोंढ्यात आडतीचा व्यवसाय केलेल्या एका कुटुंबाच्या घरी, पडवीत, प्रीमियर पद्मिनी उभी आहे. वडिलांनी ती नवी घेतली. त्याच गाडीतून थोरली सून घरात आली आणि त्याच गाडीतून वडिलांना अखेरचे दवाखान्यात नेले. गेल्या पावसाळ्यात पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपले आणि आतली चटई कुजली. पुढे जालना रोडवर एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला व काचेला तडा गेला. पुतण्या म्हणाला, "काका, आता भंगारात देऊन टाका." काका काही बोलले नाहीत, ताडपत्री मात्र त्यांनी पुन्हा नीट ओढून घेतली.

या गाडीशी जैन व्यापारी घरांचे नाते निराळे आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. जहाज आणि विमान यांपाठोपाठ मोटारही आपल्याच देशात व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून तिची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. आता ती उरली आहे अशा पडव्यांतून.

पुतण्याचा विचार पालटला तो एका साध्या गोष्टीने. आजच्या मोटारींची पुढची काच पॉलियुरेथेनच्या चिकट लेपाने सांगाड्याला जोडलेली असते. ती गाडीच्या मजबुतीचा भाग असते आणि एअरबॅगलाही आधार देते. ते काम घरी करू नये, कार्यशाळेतच करावे. पद्मिनीची काच मात्र केवळ रबराच्या पट्टीत बसवलेली असते. पट्टीच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. दोन माणसे, एक दोरी आणि धीर एवढे भांडवल पुरते.

काच कोणती घ्यावी, याबाबत मात्र काटकसर नको. कडक केलेली काच, जिला बाजारात टफन्ड म्हणतात, फुटली की तिचे बारीक चौकोनी तुकडे होतात आणि समोरचे काही दिसेनासे होते. लॅमिनेटेड काचेत दोन थरांमध्ये पारदर्शक पापुद्रा असतो. ती तडकते, पण विखुरत नाही. काकांची काच तडा जाऊनही जागेवर राहिली, ती त्यामुळेच. या शोधाचे श्रेय एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाकडे जाते. त्यांनी १९०९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० ने नंतरच्या गाड्यांना पुढे लॅमिनेटेड काच सक्तीची केली. जुन्या गाडीला ती सक्ती नसली तरी जीव जुन्या गाडीतही तितकाच मोलाचा असतो. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे, हेही त्याच नियमात आहे. तेव्हा गडद काचेचा मोह टाळावा.

आता हिशेबाची बाब. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा असेल, तर दाव्यात काचेला घसारा लावत नाहीत. रबराच्या भागांवर मात्र तो ५० टक्के लावतात. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर दोन्हींचे काही मिळत नाही. विमा कंपनीच्या या एका ओळीत साऱ्या कामाचे मर्म आहे. काच म्हातारी होत नाही, रबर होते. तरीही पुष्कळ जण नवी काच आणतात आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी तिला जुन्याच, उन्हाने भेगाळलेल्या पट्टीत कोंबतात. पहिल्याच पावसात नफा-तोटा कळतो.

काकांनी रबर नवे आणले. वायपरचे हात आणि आतला आरसा काढला. चकाकती बीडिंग हलकेच उपसली. जुने रबर ब्लेडने बाहेरून कापले, हातमोजे आणि चष्मा घालूनच. मग पुतण्याने आतून वरच्या कोपऱ्याला तळव्यांनी दाब दिला आणि बाहेर काकांनी काच झेलली.

खरा आकडा तेव्हा बाहेर पडला. पट्टीखाली पत्र्याची कड गंजाने पोखरली होती. पाणी काचेतून नव्हे, तिथून येत होते. दोन दिवस पॉलिश पेपरने घासणे, रेड ऑक्साइड, वर रंग, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबणे, यात काकांचा धीर पुतण्यापेक्षा जास्त टिकला.

तिसऱ्या दिवशी रबर तासभर गच्चीवर उन्हात ठेवले. मे महिन्यातले इथले ऊन या एका कामी तरी उपयोगी पडते. रबर मऊ होते. ते काचेभोवती चढवले, बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी एकमेकांवरून घेऊन आत सोडली. कडेला साबणाचे पाणी लावले. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर कुजते. काकांनी बाहेरून तळव्याने काच दाबून धरली, पुतण्याने आतून दोरी हळूहळू ओढली. दोरी निघत जाते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत उलटते. कोपऱ्यांवर घाई केली की नवी काचही तडकते. दुसऱ्या कोपऱ्याशी दोरी अडली तेव्हा पुतण्या जोर लावणार होता. "थांब रे," काका म्हणाले, आणि पुन्हा साबणाचे पाणी लावले.

सायंकाळी आतल्या तळावर वर्तमानपत्र पसरले आणि नळी लावून काचेवर दहा मिनिटे पाणी सोडले. पुतण्याने दार उघडून कागद उचलला, उलटून पाहिला, आणि काकांच्या हाती दिला. कागद कोरडा होता.