कानांनी वाचणाऱ्यांसाठी

ज्याला दिसते त्याला खूण पुरते. ज्याला दिसत नाही त्याला शब्द लागतो. ही साधी गोष्ट संगणक आणि मोबाइल घडविणाऱ्यांच्या ध्यानात पुष्कळदा राहत नाही. दातेरी चाक दिसले की तेथे सेटिंग्ज आहेत, भिंग दिसले की तेथे शोध घ्यावयाचा, हे डोळस मनुष्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु अंध मनुष्याच्या दृष्टीने चाक काय किंवा भिंग काय, त्यामागे शब्द ठेवलेला नसेल तर दोन्ही मुकीच होत.

मग अंध माणसे संगणक वापरतात तरी कशी? स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने. स्क्रीनवरील मजकूर, बटणांची नावे आणि त्यांची स्थिती ही प्रणाली मोठ्याने वाचून दाखविते. लुई ब्रेल याने 1829 साली उठावाच्या टिंबांची लिपी प्रसिद्ध केली आणि अंधांच्या बोटांना वाचता येऊ लागले. स्क्रीन रीडरने तेच काम कानांसाठी केले. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर रचावयास घेतला. पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ही प्रणाली सर्वांना विनामूल्य मिळते आणि मराठी मजकूरही वाचून दाखविते.

या प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये एक नवलाची गोष्ट आहे. तेथे केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या परिणामांचा एक स्वतंत्र विभाग आहे. अंधाला दृश्य परिणामांशी काय कर्तव्य, असे कोणासही वाटेल. पण थोडा विचार केला तर त्यांचे प्रयोजन कळते. या विभागातील एका सोयीने, जो मजकूर वाचला जात आहे त्याभोवती रंगीत चौकट उमटते. शेजारी बसलेल्या डोळस शिक्षकाला किंवा मित्राला त्यामुळे वाचन कोठे चालले आहे हे समजते. अंधुक दिसणाऱ्यालाही तिचा आधार होतो. या प्रणालीतील दुसरी सोय स्क्रीनच्या पडद्याची. ती सुरू केली की स्क्रीन संपूर्ण काळी होते, आणि वाचणारा आवाज मात्र चालूच राहतो. आगगाडीत बसून कोणी अंध प्रवासी घरचे पत्र वाचत असेल, तर शेजाऱ्याच्या डोळ्यांपासून ते असे झाकता येते.

अडचण येथेच उभी राहते. डोळस मनुष्य एखादे सेटिंग बदलून पाहतो आणि काय झाले ते त्याला तत्काळ दिसते. अंध मनुष्याने पडदा सुरू केला, तरी त्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. तेव्हा सेटिंगचे नाव मोघम असेल तर घोटाळा ठरलेलाच! पडदा आहे असे समजून तो खाजगी पत्र उघडील आणि ते चारचौघांना दिसेल. किंवा पडदा चुकून सुरू राहील आणि घरची मंडळी संगणक बिघडला म्हणून दुरुस्ती करणाऱ्याकडे धाव घेतील. हे ओळखूनच एनव्हीडीएमध्ये योग्य व्यवस्था केलेली आहे. पडदा सुरू होण्यापूर्वी, आता स्क्रीन काळी होणार आहे, अशी सूचना मिळते. आणि पडदा सुरू किंवा बंद होताना ध्वनी ऐकू येतो. डोळ्यांची बातमी कानांपर्यंत पोहोचविणे ते हेच!

यातून घ्यावयाचा नियम सोपा आहे. सेटिंगचे नाव त्याच्या रूपावरून नव्हे, तर कार्यावरून ठेवावे. ते सुरू आहे की बंद, हे रंगाने दाखवावे, पण शब्दानेही सांगावे. ‘उजवीकडचे हिरवे बटण दाबा’ असे न म्हणता ‘जतन करा हे बटण दाबा’ असे म्हणावे. वेबपानांच्या सुगम्यतेसाठी 2008 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही, कोणतीही सूचना केवळ आकार, स्थान किंवा ध्वनी यांवर विसंबून देऊ नये आणि केवळ रंगाने काही सांगू नये, असे म्हटले आहे.

यावर कोणी म्हणेल, की इतके स्पष्टीकरण जोडल्यास ऐकणाऱ्यालाच कंटाळा येईल. या म्हणण्यात तथ्य आहे. डोळा पानभर मजकुरावरून क्षणात फिरतो. कानाला मात्र एकेक शब्द क्रमाने ऐकावा लागतो. म्हणून नाव आटोपशीर असावे, महत्त्वाचा शब्द आधी यावा, आणि सविस्तर खुलासा ज्याला हवा त्याला मागाहून मिळावा. स्पष्टता म्हणजे पाल्हाळ नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की थोड्या माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? परंतु आज बँकेचे व्यवहार, परीक्षेचे अर्ज आणि गाडीची तिकिटे याच स्क्रीनवरून मिळतात. ज्याला तिचा अर्थ लागत नाही, त्याला आपले गुप्त शब्दही परक्याच्या हाती द्यावे लागतात. अशा वेळी सुबोध सेटिंग ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसते; तो त्याचा हक्क असतो. भारताच्या 2016 सालच्या दिव्यांगजन हक्क कायद्याने हा हक्क मान्य केला आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सोयींपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा जीवनाच्या मूलभूत अधिकाराचाच भाग ठरविला आहे.

आजच्या विद्यार्थ्यांपैकीच काही जण उद्या अशा प्रणाली घडवितील. त्यांनी एक सवय आतापासूनच लावून घ्यावी. आपण रचलेली वस्तू एकदा डोळे मिटून, केवळ ऐकून वापरून पाहावी; आणि तेवढ्यावर न थांबता, जे रोज कानांनीच वाचतात त्यांना विचारावे. स्वतःला दिसते ते सर्वांना दिसते, हा समज जो सोडतो, त्याचेच काम सर्वांच्या उपयोगी पडते.