कुठलं स्वित्झर्लंड?

गेल्या वर्षी वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘गोवा भारताचं स्वित्झर्लंड होऊ शकेल’. मी बाजूनं बोलले. डोंगर, हिरवळ, स्वच्छ रस्ते, यश चोप्रांच्या सिनेमातली गाणी, बँका, घड्याळं, चॉकलेट, सगळं चार मिनिटांत बसवलं. टाळ्याही पडल्या. मग परीक्षकांपैकी एका बाईंनी शांतपणे विचारलं, “स्वित्झर्लंडमध्ये कोको कुठं पिकतो गं?”

मी गप्प. कोको तिथं पिकत नाही, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

दुसरा नंबर मिळाला, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर मी त्या देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे बघायला बसले आणि माझं भाषण किती पोकळ होतं ते कळलं. त्या भाषणाची ही दुरुस्ती समजा.

पहिली गोष्ट पर्यटनाची. आपल्या मनात स्वित्झर्लंड म्हणजे बर्फ, आगगाडी आणि हॉटेलं. प्रत्यक्षात त्या देशाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. आणि आपण गोव्यात ‘स्वित्झर्लंड करूया’ म्हणतो तेव्हा नेमकं काय करायचं ठरवतो? अजून हॉटेलं, अजून रिसॉर्ट. म्हणजे ज्याच्यावर तो देश उभाच नाही, तेवढंच आपण उचलतोय.

मग उभा कशावर आहे? सोन्याचा व्यवहार बाजूला ठेवला तर त्यांच्या मालाच्या निर्यातीत जवळजवळ निम्मा वाटा औषधं आणि रसायनांचा आहे. बासेल या एका शहरात रोश आणि नोव्हार्टिस या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं आहेत. त्यांच्या मागून यंत्रं आणि घड्याळं येतात. संख्येनं बघितलं तर चीन त्यांच्यापेक्षा कितीतरी पट जास्त घड्याळं विकतो, पण पैसे स्विस घड्याळ जास्त आणतं. चॉकलेट आणि चीज ही पोस्टरवरची मंडळी तर या रांगेत बरीच मागं उभी आहेत. त्यांच्या पुढं कोण आहे सांगू? कॉफी! चीज आणि चॉकलेट यांची निर्यात एकत्र केली तरी कॉफीची निर्यात त्याहून मोठी भरते, आणि कॉफीचा एक मळा त्या देशात नाही. कच्ची बी बाहेरून येते, तिथं भाजली जाते, अॅल्युमिनियमच्या छोट्या कॅप्सूलमध्ये भरली जाते आणि कित्येक पट भावानं परत जगात जाते.

सोन्याचंही तसंच. आपला देश स्वित्झर्लंडकडून जे काही विकत घेतो त्यात सगळ्यात मोठा वाटा सोन्याचा असतो. खाणी दुसऱ्यांच्या, दागिने आपले. मधलं शुद्धीकरण मात्र त्यांचं, तेही मुख्यतः दक्षिणेच्या तिचिनो या इटालियन बोलणाऱ्या भागात. (तिथली वाल्काम्बी ही मोठी रिफायनरी २०१५ मध्ये बेंगळुरूच्या एका कंपनीनं विकत घेतली, हे मला वाचून गंमत वाटली.)

आणि समुद्र? तो तर नाहीच. ऱ्हाइन नदीवरचं बासेलचं बंदर हाच त्यांचा पाण्याचा दरवाजा, तिथून बार्ज खाली रॉटरडॅमला जातात. तरी कंटेनर वाहतुकीतली जगातली सगळ्यात मोठी कंपनी, एमएससी, जिनिव्हात बसते. आमच्या वाड्यावरचे दोघं तिच्याच क्रूझ जहाजांवर कामाला आहेत. एवढी मोठी किनारपट्टी असलेल्या गोव्याचे तारवटी, आणि समुद्र नसलेल्या देशातून चालणारी जहाजं. हे लिहिताना मला थोडं हसू आलं, थोडं वाईटही वाटलं.

पण तो देश पहिल्यापासून असा नव्हता. शेकडो वर्षं स्वित्झर्लंडची मुख्य निर्यात म्हणजे त्यांची तरुण मुलं. जमीन डोंगराळ, पीक कमी, म्हणून गावंच्या गावं परक्या राजांच्या सैन्यात भाडोत्री शिपाई म्हणून जायची. रोमला पोपच्या दारात उभे असलेले स्विस गार्ड हे त्याचंच राहिलेलं चिन्ह. १८१६-१७ च्या दुष्काळात लोकांची उपासमार झाली, आणि १८१९ मध्ये शेकडो कुटुंबं ब्राझीलला निघून गेली. तिथं त्यांनी वसवलेल्या गावाचं नाव नोव्हा फ्रिबुर्गो. पोर्तुगीज नाव वाचून मी क्षणभर थांबलेच. आमच्या वर्गातल्या तिघांच्या घरी आत्ता पोर्तुगीज पासपोर्टची कागदपत्रं चालू आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही, माझा सख्खा मामा स्विंडनला आहे. पण माणसं पाठवणारा देश वस्तू पाठवणारा कसा झाला, हा प्रश्न आपल्याला जितका लागू होतो तितका फार कमी लोकांना होत असेल.

या बदलाचे दोन धागे मला सापडले. एक व्यापाराचा. १ फेब्रुवारी १८५१ ला फोल्कार्ट नावाच्या दोन भावांनी एकाच दिवशी दोन ठिकाणी पेढी उघडली, एक विंटरथूरला आणि दुसरी मुंबईला. इथला कापूस आणि कॉफी तिकडं, तिकडचा माल इकडं. गांधीजींच्या जन्माच्या आधी अठरा वर्षं! या फोल्कार्टचं ‘वोल’ आणि टाटांचं ‘टास’ मिळून १९५४ मध्ये व्होल्टास झालं, ज्याचा एसी आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवलाय. म्हणजे स्वतःची एकही वसाहत नसलेल्या देशानं दुसऱ्यांच्या वसाहतींत बसून व्यापार शिकून घेतला. आजही तेल, धान्य, कॉफी, धातू यांचे प्रचंड सौदे जिनिव्हा आणि झुग इथल्या कचेऱ्यांमधून होतात. तो माल स्विस भूमीला कधी शिवतही नाही.

दुसरा धागा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो तिथल्या पर्यटन पुस्तिकेत नक्कीच छापत नसतील. बासेलचा औषध उद्योग सुरू झाला तो कापडाच्या रंगांतून. १८५९ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात फुक्सीन नावाचा झगझगीत गुलाबी-जांभळा रंग रसायनांतून बनवला गेला. फ्रान्समध्ये त्यावर पेटंट होतं, दुसऱ्या कुणाला तो बनवता येईना. मग रंगवाले सरहद्द ओलांडून बासेलला आले. कारण स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा पेटंटची भीतीच नव्हती! आलेक्झांडर क्लाव्हेल नावाच्या रेशीम रंगवणाऱ्यानं तिथं तो रंग बनवायला घेतला. त्याच्या धंद्यातून पुढं सीबा कंपनी झाली, १९७० ला ती गायगीबरोबर एक झाली, आणि १९९६ ला सँडोझबरोबर मिळून नोव्हार्टिस.

१८८८ मध्ये पेटंट कायदा आला तरी त्यात अट अशी होती की ज्याचा नमुना, मॉडेल दाखवता येईल अशाच शोधाला पेटंट. रसायनाचं मॉडेल कसं दाखवणार? म्हणजे सगळं रसायनशास्त्र अलगद बाहेर. जर्मनीनं दटावल्यावर १९०७ मध्ये रासायनिक प्रक्रियेला पेटंट मिळू लागलं, आणि प्रत्यक्ष औषधाला मिळायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. तोपर्यंत त्यांच्या कंपन्या स्वतः शोध लावण्याइतक्या तयार झाल्या होत्या.

आता आपलं बघा. भारतानं १९७० च्या पेटंट कायद्यात नेमकं हेच केलं : औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट, औषधाला नाही. त्यामुळंच स्वस्त औषधं बनवणारे कारखाने उभे राहिले, वेर्ण्यातलेसुद्धा. तेव्हा आपल्याला नक्कलबहाद्दर म्हटलं गेलं. २००५ पासून आपण औषधालाही पेटंट देऊ लागलो, पण जुन्याच औषधात थोडा फेरफार करून नवं पेटंट मागता येणार नाही असं कलम ठेवलं. नोव्हार्टिसनं ‘ग्लिव्हेक’ या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधासाठी या कलमाशी सुप्रीम कोर्टापर्यंत लढाई केली आणि १ एप्रिल २०१३ ला ती हरली. मला त्या कंपनीचा राग नाही. संशोधनाला पैसा लागतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला कळतं. पण क्लाव्हेलच्या वारसांनी आपल्याला पेटंटचं पावित्र्य शिकवावं, हे जरा जास्तच झालं.

म्हणून भारताचा स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांशी झालेला व्यापार करार मी आता वेगळ्या नजरेनं वाचते. बोलणी २००८ ला सुरू झाली, सही झाली १० मार्च २०२४ ला, अंमल १ ऑक्टोबर २०२५ पासून. इतकी वर्षं लागण्याचं एक मोठं कारण औषधांचे हक्क हेच होतं. आपण त्यात फार वाकलो नाही, हे चांगलं झालं. बातम्यांमध्ये मात्र गाजलं ते दुसरंच : पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख नोकऱ्या. आकडा मोठा आहे, पण पैसे घालणार खाजगी कंपन्या, आणि त्यांना बर्नचं सरकार हुकूम देऊ शकत नाही. दुसरं म्हणजे आपल्या कारखानदारी मालाला तिथं जकात नाही, हे यश म्हणून सांगितलं जातं. पण स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०२४ पासून सगळ्याच जगाच्या औद्योगिक मालावरची जकात काढून टाकली होती, करारावर सही व्हायच्या दोन महिने आधी. करारामुळं त्यांना उद्या मागं फिरता येणार नाही, एवढा फायदा खरा.

आणि शेती? तिथं मात्र हा खुल्या व्यापाराचा देश एकदम आपल्या आजीसारखा वागतो. स्वतःच्या शेतातला टोमॅटो बाजारात यायच्या हंगामात बाहेरच्या टोमॅटोवरची जकात वाढते, हंगाम संपला की उतरते. शेतकऱ्यांना सरकार दरवर्षी सुमारे २.८ अब्ज फ्रँक थेट देतं. डोंगरउतारावर गाई चरल्या पाहिजेत, गावं ओस पडता कामा नयेत, म्हणून लोक हा खर्च मान्य करतात. फोटोतली ती हिरवळ फुकटची नाही! आपण करारात दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेर ठेवले तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मला विचाराल तर ते आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

काळ्या पैशाबद्दल लिहिलं नाही तर वाचक म्हणतील घाबरली. बँकांची गुप्तता हा त्या देशावरचा डाग आहेच. १९३४ च्या कायद्यानं ती गुप्तता फोडणं गुन्हा ठरवलं होतं, आणि भारतीय खात्यांची माहिती आपोआप मिळायला २०१९ साल उजाडलं. पण बँका आणि विमा मिळून त्यांच्या अर्थव्यवस्थेचा साधारण दहावा हिस्सा. ‘आपला पैसा लुटून श्रीमंत झाले’ एवढं म्हणून गप्प बसलं की उरलेल्या नऊ हिश्शांकडं बघायची जबाबदारी टळते, आणि ते आपल्याला सोयीचं जातं.

श्रीमंती त्यांनाही कायमची मिळालेली नाही. सत्तरच्या दशकात जपानची क्वार्ट्झ घड्याळं आली आणि स्विस घड्याळ उद्योगातल्या बहुतेक नोकऱ्या पंधरा वर्षांत गेल्या. गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं त्यांच्या मालावर ३९ टक्के जकात बसवली, त्याच महिन्यात आपल्यावर ५०. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ती १५ वर आणून घेतली. छोटा देश, पण विकायला असं काही आहे की समोरच्याला ते सहज दुसरीकडं मिळत नाही.

ते ‘असं काही’ तयार कोण करतं, याचं उत्तर शोधताना मला माझा आतेभाऊ आठवला. तिथं शाळा संपल्यावर दोन तृतीयांश मुलं थेट कॉलेजला जात नाहीत. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात किंवा कचेरीत शिकाऊ म्हणून पगारावर काम, एक-दोन दिवस वर्ग. तीन-चार वर्षांनी हातात प्रमाणपत्र, आणि पुढं शिकायचं तर तो रस्ताही उघडा. बँकेचा मोठा साहेब असा शिकाऊ म्हणून सुरू झालेला असू शकतो, आणि त्याची लाज कुणाला नाही. माझ्या आतेभावानं बारावीनंतर आयटीआय केलं, फिटर. घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. अजूनही लग्नाकार्यात आत्या सांगते, “तो वेर्ण्याला कंपनीत आहे,” आणि लगेच विषय बदलते. मी बी.कॉम. करते म्हणून माझं कौतुक, आणि माझ्या हातात अजून विकण्यासारखं काही नाही.

गोव्यात स्विस कंपन्या नव्या नाहीत. जुन्या गोव्याजवळ खोर्लीला सीबा-गायगीचा कारखाना होता, तो आता सिंजेंटाचा आहे. नेस्लेचे फोंडा तालुक्यात आणि डिचोलीत कारखाने नव्वदच्या दशकापासून आहेत. म्हणजे स्वित्झर्लंड केव्हाच आपल्या दारात येऊन बसलंय, आपण त्याला सिनेमातल्या गाण्यात शोधत होतो. करारातली गुंतवणूक खरंच आली आणि त्यातली थोडी गोव्याकडं वळली, तर आपल्या सरकारनं जमिनीबरोबर एक अट घालावी असं मला वाटतं : दर कारखान्यामागं इतके शिकाऊ, तिथल्या पद्धतीनं, तिथल्या दर्जाच्या प्रमाणपत्रासह. हॉटेल बांधायला आपल्याला कुणाच्या कराराची गरज पडलेली नाही.

गेल्या महिन्यात आतेभाऊ सांगत होता, त्यांच्याकडं एक नवीन मशीन आलंय, तिकडचंच. बसवायला आलेला माणूस विशीतला, कॉलेजला न गेलेला, आणि प्लँटचा मॅनेजर त्याला दर दोन वाक्यांमागं ‘सर’ म्हणत होता.